पीक वाढले, पैसा घटला!

२०१८ च्या डिसेंबर महिन्यात नाशिक जिल्ह्यातील एका शेतकऱ्याची बातमी देशभरच्या वृत्तपत्रांत छापून आली होती. त्याने ७५० किलो कांदा बाजारात नेऊन विकला आणि त्याच्या हाती पडले १,०६४ रुपये. म्हणजे किलोला दीड रुपयासुद्धा नाही! पुढे बरोबर एक वर्षाने, २०१९ च्या डिसेंबरात, मुंबई-पुण्यासह अनेक शहरांत तोच कांदा किलोला शंभर रुपयांच्या वर गेला. घरोघरी कांदा जपून चिरला जाऊ लागला, आणि हॉटेलांतून भज्यांबरोबर कांद्याऐवजी कोबी किंवा मुळा येऊ लागला.

विद्यार्थिमित्रहो, या एका वर्षात लोकांची कांदा खाण्याची आवड एकदम अनेक पटींनी वाढली होती काय? की देशातील कांद्याचे पीक अनेक पटींनी घटले होते? दोन्हीही नाही. पहिला भाव शेतकऱ्याला मिळालेला आणि दुसरा ग्राहकाने मोजलेला, तेव्हा त्यांची सरळ तुलना करता येत नाही, हे खरे. त्या दोहोंमधील अंतराकडे आपण पुढे वळणारच आहोत. पण ते अंतर वजा केले तरी प्रश्न उरतोच. पिकात थोडासा चढउतार झाला की भावात एवढी प्रचंड उलथापालथ का व्हावी? आणि ज्या वर्षी शेत भरभरून पिकते, त्याच वर्षी शेतकऱ्याचा खिसा रिकामा का राहावा?

या प्रश्नाचे उत्तर एका लहानशा संख्येत दडलेले आहे. अर्थशास्त्रात तिला 'मागणीची किंमत लवचिकता' असे म्हणतात. नाव जरा बोजड आहे, पण कल्पना अगदी सोपी आहे. रबराची पट्टी आणि लोखंडाची पट्टी सारख्याच जोराने ओढून पाहा. रबर ताणले जाते, लोखंड जवळजवळ तसेच राहते. भाव बदलला की लोकांची मागणीसुद्धा अशीच कधी रबरासारखी वागते, तर कधी लोखंडासारखी.

मोजायचे कसे?

समजा, एका गावात कांद्याचा भाव किलोला २० रुपये आहे आणि त्या भावाला आठवड्यात १,००० किलो कांदा खपतो. भाव वाढून २४ रुपये झाला, म्हणजे शेकडा २० ने वाढला. खप उतरून ९४० किलोवर आला, म्हणजे शेकडा ६ ने घटला. आता मागणीतील शेकडा बदलाला किमतीतील शेकडा बदलाने भागा. ६ भागिले २०, उत्तर आले ०.३. हीच त्या गावच्या कांद्याच्या मागणीची लवचिकता. (भाव वाढला की मागणी घटते, तेव्हा खरे म्हणजे हे उत्तर ऋण येते. पण ते चिन्ह सर्वांनाच ठाऊक असल्याने लिहिताना बहुधा सोडून देतात.)

त्याच गावातील पेरू घ्या. त्याचाही भाव २० रुपये आणि खप १,००० किलो होता असे धरू. पेरूचा भाव २४ रुपये होताच खप ६५० किलोवर आला. म्हणजे घट शेकडा ३५. ३५ भागिले २० म्हणजे १.७५.

ही संख्या १ पेक्षा कमी असेल तर मागणी अलवचिक किंवा ताठर म्हणतात, १ पेक्षा अधिक असेल तर लवचिक. बरोबर १ आली तर 'एकक लवचिक'. ही नुसती नावे पाठ करून काहीच साधणार नाही. या संख्येचा खरा उपयोग पैशाचा हिशेब मांडला की कळतो. आधी कांद्यावर गावाचे आठवड्याला २०,००० रुपये खर्च होत होते. भाव वाढल्यावर ९४० गुणिले २४, म्हणजे २२,५६० रुपये झाले. माल कमी खपला, पण पैसा अधिक आला. पेरूचे मात्र २०,००० चे १५,६०० झाले. म्हणून, मागणी ताठर असेल तर भाव चढला की विक्रीचे एकूण उत्पन्न वाढते आणि भाव उतरला की घटते. मागणी लवचिक असेल तर नेमके याच्या उलट. हे एवढे पक्के ध्यानात ठेवा. पुढचे सारे यावरच उभे आहे.

चौकस विद्यार्थी येथे एक शंका काढील. २० वरून २४ वर जाताना बदल शेकडा २०, पण २४ वरून २० वर परत येताना तो शेकडा १६.६७ च होतो. मग जाताना एक लवचिकता आणि येताना दुसरी, असे कसे? शंका रास्त आहे. म्हणून काटेकोर हिशेबात दोन्ही किमतींची सरासरी घेऊन तिच्याशी बदलाची तुलना करतात. आपल्या उदाहरणात किमतींची सरासरी २२ आणि खपाची ९७०. त्यावरून लवचिकता सुमारे ०.३४ येते. जाण्यायेण्याचे भांडण मिटते.

दुसरी शंका अशी की, शेकड्यांची भानगड कशाला? 'भाव चार रुपयांनी वाढला आणि खप साठ किलोंनी घटला' एवढे म्हणून का भागू नये? कारण किलोऐवजी क्विंटल धरला, रुपयाऐवजी डॉलर धरला, की ते आकडे बदलतात. शेकडा प्रमाण बदलत नाही. म्हणूनच लासलगावच्या कांद्याची लवचिकता आणि लंडनच्या गव्हाची लवचिकता शेजारी शेजारी ठेवून पाहता येते.

ही युक्ती सुचली ती आल्फ्रेड मार्शल या इंग्लिश अर्थशास्त्रज्ञाला. मार्शल मूळचा गणिताचा विद्यार्थी. १८८१-८२ चा हिवाळा त्याने प्रकृतीसाठी इटलीतील सिसिली बेटावर, पालेर्मो शहरात काढला. तेथील हॉटेलच्या गच्चीवर बसून तो लिहीत असे. एके दिवशी तो मोठ्या आनंदात गच्चीवरून खाली आला, त्याला ही लवचिकतेची कल्पना सापडली होती, अशी आठवण त्याची पत्नी मेरी पेली मार्शल हिने सांगितली आहे. तीही अर्थशास्त्राची अध्यापिका होती. १८९० मध्ये मार्शलचा अर्थशास्त्राच्या तत्त्वांवरील मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि ही कल्पना सर्वत्र रूढ झाली.

कांदा ताठर का?

पेरू महागला तर आपण केळी घेतो. गवार महागली तर भेंडी घेतो. पण कांदा महागला तर काय घ्यावे? फोडणीला, वाटणाला, भाकरीबरोबर तोंडी लावायला त्याच्यासारखे दुसरे काही नाही. जवळचा पर्याय नसणे हे मागणी ताठर असण्याचे पहिले आणि सर्वांत मोठे कारण. २०१९ च्या टंचाईत सरकारने इजिप्त व तुर्कस्तानातून कांदा आणवला होता. तो आकाराने मोठा आणि तिखटपणाला कमी. चव वेगळी म्हणून त्याला म्हणावा तसा उठाव मिळाला नाही आणि काही राज्यांनी आधी नोंदवलेली मागणी मागे घेतली. म्हणजे कांद्याला दुसरा कांदासुद्धा पुरता पर्याय ठरला नाही!

दुसरे कारण असे की, मध्यम स्थितीच्या घराच्या महिन्याच्या खर्चात कांद्याचा वाटा लहान असतो. भाव दुप्पट झाला तर माणसे कुरकुरतात, पण खरेदी निम्म्यावर आणीत नाहीत. ज्याच्या घरी कांदा-भाकर हेच जेवण आहे त्याची गोष्ट वेगळी. तेथे कांद्याचा वाटा मोठा असतो आणि कपात खरोखरच करावी लागते. म्हणून 'कांद्याची लवचिकता' ही एकच संख्या सर्व घरांना लागू पडते असे समजू नका.

वस्तूची व्याख्या किती रुंद धरली यावरही बरेच अवलंबून आहे. 'भाजीपाला' म्हटले तर मागणी ताठर. 'गवार' म्हटले तर लवचिक. आणि 'अमक्या गाड्यावरची गवार' म्हटले तर अतिशय लवचिक, कारण पुढच्याच गाड्यावर तीच गवार एक रुपया स्वस्त मिळते.

काळाचाही परिणाम होतो. १९७३ च्या ऑक्टोबरपासून अवघ्या काही महिन्यांत खनिज तेलाचा भाव पिंपाला सुमारे ३ डॉलरवरून १२ डॉलरच्या घरात गेला. लोकांनी मोटारी लगेच फेकून दिल्या नाहीत. तेलाचा खप थोडासाच घटला. पुढे कमी तेल पिणाऱ्या लहान मोटारी आल्या, कारखान्यांनी यंत्रे बदलली, आणि मागणी हळूहळू वाकली. लोखंडाची पट्टीसुद्धा पुरेसा वेळ दिला तर वाकते.

मागणी ताठर आहे हे राज्यकर्त्यांच्या ध्यानात फार पूर्वीच आले होते. मीठ ही याची ठळक साक्ष. मिठाला पर्याय नाही, आणि महाग झाले म्हणून माणूस ते सोडू शकत नाही. अशा वस्तूवर कर बसवला की तो हमखास वसूल होतो. इंग्रज सरकारने १९२३ मध्ये मिठावरील कर मणाला सव्वा रुपयावरून अडीच रुपये केला. ओरड एवढी झाली की पुढच्याच वर्षी तो पुन्हा सव्वा रुपयावर आणावा लागला. १९३० मध्ये गांधीजी दांडीला निघाले तेव्हा हाच सव्वा रुपयाचा दर चालू होता. आपल्याकडे कोकणात शिरोड्याला त्याच वर्षी मिठाचा सत्याग्रह झाला. ज्या वस्तूची मागणी ताठर, तिच्यावरील कर गरिबाला चुकवता येत नाही. श्रीमंत जेवढे मीठ खातो जवळजवळ तेवढेच गरीबही खातो. त्या कराविरुद्धच्या संतापाचे मूळ तेथे होते.

आता उलटे पाहू

आतापर्यंत आपण 'भाव बदलला तर खप किती बदलेल' असे विचारीत होतो. शेतकऱ्यापुढचा प्रश्न उलटा आहे. पीक तर आले आहे, ते शेतात ठेवून चालत नाही, सारे विकायचे आहे. मग एवढा माल खपण्यासाठी भाव किती उतरावा लागेल?

लवचिकता ०.३ धरू. (हा आकडा उदाहरणासाठी घेतला आहे, मोजून काढलेला नव्हे.) खप शेकडा १० ने वाढवायचा असेल तर भाव १० भागिले ०.३, म्हणजे सुमारे शेकडा ३३ ने उतरावा लागेल. गेल्या वर्षी शेतकऱ्याचे १०० क्विंटल पीक आले, भाव क्विंटलला २,००० रुपये मिळाला, हाती २,००,००० रुपये आले. यंदा पाऊस चांगला झाला, सगळीकडेच पीक शेकडा १० ने वाढले. त्याचे ११० क्विंटल झाले. भाव मात्र सुमारे १,३३० रुपयांवर आला. हाती पडले १,४६,३०० रुपये. अधिक बियाणे, अधिक काढणी, अधिक गोण्या, अधिक गाडीभाडे; आणि पदरात पन्नास हजारांहून अधिक रुपये कमी! शीर्षकातले कोडे सुटले ते असे.

हे कोडे आजचे नाही. चार्ल्स डॅव्हनंट या इंग्लिश लेखकाने १६९९ मध्ये छापलेल्या एका पुस्तकात धान्याच्या पिकातील तूट आणि भाववाढ यांचे एक कोष्टक दिले आहे. ते ग्रेगरी किंग याच्या नावाने ओळखले जाते. कोष्टक असे:

पिकात तूट १० टक्के, तर भाववाढ ३० टक्के.
तूट २० टक्के, तर भाववाढ ८० टक्के.
तूट ३० टक्के, तर भाववाढ १६० टक्के.
तूट ४० टक्के, तर भाववाढ २८० टक्के.
तूट ५० टक्के, तर भाववाढ ४५० टक्के.

वहीत गुणाकार करून पाहा. नेहमीच्या पिकाचे १०० रुपये येत असतील तर पहिल्या ओळीत ९० गुणिले १.३, म्हणजे ११७ रुपये येतात. दुसरीत १४४. शेवटच्या ओळीत पीक निम्मेच असूनही २७५! ज्याच्या कोठारात धान्य शिल्लक आहे त्याची चांदी, आणि ज्याला विकत घेऊन खायचे आहे त्याची उपासमार. तीनशे वर्षांपूर्वीचे हे आकडे कितपत काटेकोरपणे गोळा केलेले होते कोण जाणे, पण दिशा अचूक आहे.

आता त्या राहिलेल्या अंतराकडे, म्हणजे शेताच्या बांधापासून ग्राहकाच्या पिशवीपर्यंतच्या वाटेकडे वळू. बारदान, हमाली, तोलाई, गाडीभाडे, वाटेत सडलेला माल, किरकोळ विक्रेत्याची मजुरी. यांतील बराच खर्च किलोमागे ठरलेला असतो. कांदा स्वस्त झाला म्हणून हमाल गोणी निम्म्या पैशात उचलीत नाही, आणि का उचलावी? वजन तेवढेच असते. समजा ग्राहक किलोला २० रुपये देतो, त्यातले १२ रुपये वाटेत जातात आणि ८ शेतकऱ्याला मिळतात. ग्राहकाचा भाव शेकडा ३० ने उतरून १४ रुपये झाला. वाटेतले १२ रुपये तसेच राहिले. शेतकऱ्याला उरले २! ग्राहकाच्या दृष्टीने भाव शेकडा ३० ने उतरला, शेतकऱ्याच्या दृष्टीने शेकडा ७५ ने. शहरातल्या माणसाला 'कांदा थोडा स्वस्त झाला' एवढेच दिसते, आणि त्याच आठवड्यात गावाकडे कोणी कांद्याच्या उभ्या पिकात नांगर घालीत असतो. दोघेही आपापल्या जागी खरे बोलत असतात. वाटेतला दलाल तेवढा लबाड आणि म्हणून हे सारे घडते, असे आपण चटकन म्हणून टाकतो. लबाडी असेल तेथे ती शोधलीच पाहिजे. पण वर मांडलेल्या हिशेबात एकही माणूस लबाड नाही, हे पाहा.

उलट बाजूने, टंचाईत ग्राहकाचा भाव शंभरावर जातो तेव्हा शेतकऱ्याचा वाटा खूप वाढायला हवा. कोणाकोणाचा वाढतोही. पण टंचाई असते याचाच अर्थ बहुतेकांच्या चाळी रिकाम्या झालेल्या असतात. विकायला माल नसलेल्याला भाव चढून काय उपयोग?

एकट्याचे गणित आणि सर्वांचे गणित

येथे कोणीही विचारील, मग शेतकरी कांदा कमी का लावीत नाहीत? सर्वांनी दहावा हिस्सा क्षेत्र कमी केले तर सर्वांनाच अधिक पैसा मिळेल ना?

मिळेल. पण आता एकट्या शेतकऱ्याच्या डोक्याने विचार करा. लासलगावच्या बाजारात हंगामात एका दिवशी ट्रॅक्टरांच्या रांगाच्या रांगा लागलेल्या असतात. त्यात याचा एक ट्रॅक्टर. तो आला काय नि न आला काय, लिलावातल्या भावात पैशाचाही फरक पडत नाही. त्याने शेजारच्यासारख्याच मालाला शेजारच्यापेक्षा पन्नास रुपये अधिक मागितले तर त्याचा माल कोणी उचलणार नाही. म्हणजे सगळ्या कांद्याची मागणी ताठर असली, तरी या एका शेतकऱ्याच्या कांद्याची मागणी पराकोटीची लवचिक आहे. त्याच्यापुढे भाव ठरलेला, मग जेवढा अधिक माल तेवढा अधिक पैसा! तेव्हा अधिक पिकवणे हेच त्याच्या दृष्टीने शहाणपणाचे. शेजारीही तसाच शहाणा. जिल्हाही, आणि शेजारचे जिल्हेही. सगळे शहाणे मिळून भाव पाडतात. प्रत्येकाच्या बाबतीत खरे असलेले विधान सर्वांच्या बाबतीत खोटे ठरते. गणितात असे क्वचितच होते. अर्थशास्त्रात ते पावलोपावली घडते, आणि मला वाटते या विषयाची खरी गंमत तेथेच आहे.

त्यात पेरणी ठरते ती गेल्या वर्षीच्या भावावरून. भाव चढला की पुढच्या हंगामात सगळे कांद्याकडे वळतात, पीक फार होते, भाव कोसळतो. कोसळला की पुष्कळ जण कांदा सोडतात, पीक कमी होते, भाव पुन्हा चढतो. याचा आलेख काढला तर रेषा मध्याभोवती फेर धरीत फिरतात आणि कोळ्याच्या जाळ्यासारखी आकृती दिसते. म्हणून निकोलस काल्डोर याने १९३४ मध्ये या प्रमेयाला कोळ्याच्या जाळ्याचेच नाव दिले.

चाळ, गॅमा किरण आणि सरकार

मागणी ताठर आहे, ती बदलणे आपल्या हाती फारसे नाही. पण माल बाजारात केव्हा येतो हे काही अंशी हाती आहे. आपल्याकडे कांदा तीन हंगामांत निघतो. खरिपाचा लाल कांदा साधारण दिवाळीच्या आगेमागे येऊ लागतो, त्यापाठोपाठ रांगडा, आणि मार्च-एप्रिलपासून उन्हाळ कांदा. लाल कांद्यात पाणी अधिक असते, तो टिकत नाही. आला की विकावाच लागतो. उन्हाळ कांदा टिकतो. हवा खेळती राहील अशा चाळीत तो चार-सहा महिने ठेवतात आणि पावसाळाभर देश त्यावरच जेवतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात चाळी रिकाम्या होत येतात. नेमका तेव्हा अवकाळी पाऊस येऊन खरिपाचा कांदा शेतातच कुजला की दोन हंगामांमधील पूल तुटतो. २०१९ मध्ये हेच झाले.

स्वस्ताईच्या महिन्यातील शंभर क्विंटल टंचाईच्या महिन्यात नेऊन ठेवता आले तर? मागणी ताठर असल्यामुळे थोडासा माल इकडचा तिकडे झाला तरी दोन्ही महिन्यांतले भाव पुष्कळच सावरतात. येथे भौतिकशास्त्र मदतीला येते. भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ मध्ये लासलगाव येथे 'कृषक' नावाचे किरणन केंद्र उभारले. तेथे कोबाल्ट-६० मधून निघणाऱ्या गॅमा किरणांची अल्प मात्रा कांद्याला देतात. त्यामुळे कोंबाच्या पेशींचे विभाजन थांबते आणि कांद्याला मोड येत नाहीत. कांदा किरणोत्सारी बनत नाही, ही भीती मनातून काढून टाका. मात्र किरणांमुळे कांद्याचे सडणे किंवा सुकून वजन घटणे थांबत नाही. त्यासाठी योग्य तापमान आणि आर्द्रता लागते, म्हणजे पुन्हा खर्च आला.

सरकार बहुधा वेगळा उपाय योजते. भाव चढला की परदेशी जाणारा कांदा अडवायचा. २०१९ च्या सप्टेंबरात, २०२० च्या सप्टेंबरात आणि २०२३ च्या डिसेंबरात निर्यातबंदी झाली. ही शेवटची बंदी २०२४ च्या मे महिन्यात उठली. १९९८ साली दिल्लीच्या विधानसभा निवडणुकीत कांद्याचा भाव हाच प्रचाराचा मोठा विषय झाला होता, तेव्हापासून कोणत्याही पक्षाचे सरकार कांद्याच्या बाबतीत अस्वस्थ असते. आपल्या संख्येच्या भाषेत निर्यातबंदीचा अर्थ काय? परदेशचे ग्राहक म्हणजे मागणीतला लवचिक भाग. इकडे भाव पडला की ते अधिक घेतात, चढला की पाकिस्तान, चीन किंवा इजिप्तकडे वळतात. तो भाग तोडला की मागे राहते ती फक्त घरची ताठर मागणी. मग थोडा माल अधिक झाला तरी भाव धाडकन खाली येतो. ग्राहकाला दिलासा मिळतो, हे खरेच. त्याची किंमत कोणाच्या पट्टीतून वजा होते तेही आता तुम्हांला सांगता येईल.

शिक्षकांसाठी एक टीप

वर्गात मागणीची रेषा सरळ काढली की मुले 'रेषा उभट म्हणजे ताठर, आडवी म्हणजे लवचिक' असे पाठ करतात. ते पूर्ण खरे नाही. समजा भाव एक रुपयाने वाढला की खप एक किलोने घटतो, आणि भाव व खप यांची बेरीज नेहमी १०० येते. रेषेचा चढ सगळीकडे सारखाच. पण भाव ८० असताना खप २०. एक रुपया म्हणजे शेकडा १.२५ आणि एक किलो म्हणजे शेकडा ५, लवचिकता ४. भाव ५० असताना ती बरोबर १. भाव २० असताना खप ८०, लवचिकता ०.२५. एकाच सरळ रेषेवर तिन्ही प्रकार! ही आकडेमोड मुलांकडूनच फळ्यावर करून घ्यावी.

करून पाहा

आपल्या आळीतील दहा घरे निवडा. शक्यतो सगळी एकाच परिस्थितीची नकोत. प्रत्येक घरी स्वयंपाक पाहणाऱ्या व्यक्तीला विचारा: कांदा २० रुपये किलो असेल तर महिन्याला किती घ्याल? ४० असेल तर? ६०, ८०, १०० असेल तर? प्रत्येक भावाला दहा घरांची बेरीज करा आणि आलेख काढा. आडव्या अक्षावर खप, उभ्या अक्षावर भाव. मग २० ते ४०, ४० ते ६० अशा टप्प्यांची लवचिकता सरासरीच्या रीतीने काढा. तोच प्रश्न पेरूबद्दल किंवा तुमच्या गावात मिळणाऱ्या दुसऱ्या एखाद्या फळाबद्दल विचारा.

लोक जे सांगतात ते आणि जे करतात ते यांत फरक पडतो. म्हणून जमले तर दुसरीही रीत वापरा. एखाद्या ओळखीच्या भाजीविक्रेत्याकडे रोजचा भाव आणि रोजचा खप दोन-तीन महिने लिहून ठेवा. मात्र सणावारी खप वाढतो, श्रावणात आणि चातुर्मासात पुष्कळ घरी कांदा वर्ज्य असतो, आणि त्या दिवसांत भाव तसाच असूनही खप खाली जातो. ही घट भावामुळे झालेली नाही, तेव्हा ती लवचिकतेच्या हिशेबात धरायची नाही. ते दिवस वहीत वेगळ्या शाईने लिहा.